ज्यांना ‘नाही’ म्हणायची मुभा होती, त्यांचं काय?

नदीकाठ
जमावाने कुणाचा जीव घेतला की चार दिवसांत एक वाक्य कानावर येतंच: “त्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं.” ऐकायला हे नम्र वाटतं. मला मात्र ते मारणाऱ्याच्या सोयीचं वाटतं.

१३ जुलै १९४२. नाझी जर्मनीच्या ताब्यातल्या पोलंडमधलं युझेफुफ गाव. हँबुर्गहून आलेली राखीव पोलिसांची १०१ वी बटालियन, सुमारे ५०० माणसं. बहुतेक चाळिशीच्या आसपासची, घरी बायकामुलं असलेली. कुणी गोदीत काम करणारा, कुणी ट्रकचालक, कुणी कारकून. पहाटे बटालियनचा प्रमुख मेजर ट्रापने त्यांना उभं केलं. बोलताना त्याचे डोळे भरले होते. गावातल्या ज्यूंपैकी कामाच्या वयाचे पुरुष वेगळे काढायचे. बायका, मुलं, म्हातारे यांना गोळ्या घालायच्या. मग तो म्हणाला, वयस्कांपैकी ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी बाजूला व्हावं.

एक जण पुढे आला. त्याचा कॅप्टन त्याच्यावर भडकला, पण ट्रापने पुढे आलेल्याला पाठीशी घातलं. ते पाहून आणखी दहा-बारा जण आले. बाकीचे जागचे हलले नाहीत. त्या दिवशी सुमारे १५०० माणसं मारली गेली.

बाजूला झालेल्यांच्या रायफली काढून घेतल्या आणि त्यांना दुसऱ्या कामाला लावलं, एवढंच. एका लेफ्टनंटने तर आदल्या रात्रीच सांगून टाकलं होतं की नि:शस्त्र बायकामुलांवर गोळ्या झाडणार नाही. त्यालाही वेगळं काम मिळालं. युद्धानंतर शेकडो खटले चालले, पण नि:शस्त्र नागरिकांना मारायला नकार दिला म्हणून कुणाला जबर शिक्षा झाल्याचं एकही उदाहरण बचावाच्या वकिलांना दाखवता आलं नाही. मग “काय करणार, भाग होतं” हे कशाच्या जोरावर?

बाभूळ
नदीकाठ, तुम्ही हे घरात बसून, निवांत विचार करून लिहिताय. त्यांना क्षणभराचा अवधी होता. रोजच्या सोबत्यांसमोर रांग सोडायची म्हणजे भेकड ठरायचं आणि घाण काम मित्रांच्या गळ्यात टाकायचं. शिक्षेची भीती नसेलही, पण आपल्या माणसांत हलकं पडण्याची असते, आणि ती फार मोठी असते.

आणि मिलग्रॅमचा प्रयोग? येल विद्यापीठ, १९६१. प्रयोग घेणाऱ्याच्या सांगण्यावरून लोक बटणं दाबत होते, आणि त्याने पलीकडच्या खोलीतल्या माणसाला विजेचे झटके बसताहेत असं त्यांना भासवलं होतं. ४० पैकी २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. त्यांच्या मनात ना द्वेष होता ना राग.

नदीकाठ
त्याच प्रयोगाचा दुसरा भाग सांगायचा राहिला. शेजारी बसलेल्या दोघांनी मध्येच नकार दिला, तेव्हा शेवटपर्यंत जाणारे ४० पैकी फक्त ४ उरले. युझेफुफमध्येही पहिला बाहेर पडल्यावरच बाकीचे दहा-बारा निघाले. ज्याला तुम्ही परिस्थिती म्हणता, ती शेजारी उभ्या असलेल्या माणसांचीच बनलेली असते.

रानभूल
दोघांचंही पटत नाही. समोर कोण होतं हे तुम्ही विचारातच घेत नाही आहात. याच बटालियनच्या माणसांचे १९६०च्या दशकातले जबाब वाचून दोन इतिहासकार उलट निष्कर्षांवर आले. ब्राउनिंगने गटाचा दबाव महत्त्वाचा मानला, तर गोल्डहागनने ज्यूद्वेष. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. हँबुर्गच्या शेजाऱ्यांवर गोळ्या झाडायला सांगितलं असतं, तर इतके थांबले असते?

आपलं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८, साक्री तालुका, धुळे जिल्हा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरलेली. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यांना ठेचून मारलं आणि काही जण व्हिडिओ काढत राहिले. तिथे ना मेजर होता ना कुणाचा आदेश. पालावरचा माणूस म्हणजे चोर, हा समज मात्र अफवेच्या कितीतरी आधीपासून मुरलेला होता. बाजारात त्या दिवशी अनोळखी माणसं कितीतरी असतील. संशय या पाच जणांवरच का गेला?

बाभूळ
राईनपाड्याबद्दल मान्य. पण त्याच बटालियनमध्ये १४ जण लक्झेंबर्गचे होते. ते काही जर्मन ज्यूद्वेषात वाढले नव्हते. जबाबांतून जेवढं कळतं त्यावरून तेही इतरांसारखेच वागले. याचं काय करायचं?

शिवाय पुढे सवय लागली. दारू आली, कामं वाटली गेली. एकाने घरं रिकामी करायची, दुसऱ्याने ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीला जाणाऱ्या गाडीत माणसं कोंबायची. आपण मारलं असं कुणालाच वाटायला नको. या एका बटालियनने किमान ३८,००० जणांना गोळ्या घातल्या.

सातवा मजला
नदीकाठ, तुमच्या त्या दहा-बारा जणांबद्दल एक कडू गोष्ट. अशा नकार देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी “हे पाप आहे” असं म्हटलंच नाही. “माझं मन कच्चं आहे, मला जमणार नाही” असं सांगून ते सुटले. म्हणजे मारणारे खंबीर आणि हे दुबळे, हा हिशेब तसाच राहिला. त्या १५०० पैकी एकही जीव त्यांनी वाचवला नाही.

नदीकाठ
वाचवला नाही, खरं आहे. पण त्यांनी मारलंही नाही, आणि तुमच्या मांडणीत हा फरक पुसला जातोय. “कोणीही हेच केलं असतं” म्हणताना ते दहा-बारा जण मोजायचेच नाहीत, असं ठरवावं लागतं. मी ते ठरवणार नाही. रानभूल यांचा प्रश्न मात्र मला टाळता येत नाही: दबाव सगळीकडेच असतो, मग बळी दर वेळी ठरावीक लोकांचाच का जातो? यावर बाभूळ, तुमचं उत्तर वाचायचं आहे.