चालू नेटवर्कची सूत्रे कृत्रिम बुद्धिमत्तेकडे द्यावीत का?

पेठकर
टॉवरवरील अँटेनाचा झुकाव, प्रक्षेपणाची शक्ती, चालू कॉल शेजारच्या टॉवरकडे कधी सोपवायचा, असे निर्णय आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षित मॉडेलने घ्यावेत असा आग्रह वाढतो आहे. भाकितासाठी मॉडेल जरूर वापरावे. चालू नेटवर्कला थेट आज्ञा देण्याचा अधिकार मात्र त्याला देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. १९८६ मध्ये इंटरनेटवर कोंडी होऊन लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातील वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला, तेव्हा संगणकतज्ज्ञ व्हॅन जेकबसन यांनी आधी कारण शोधले आणि १९८८ मध्ये उपाय मांडला. तो आजही कोणालाही वाचून तपासता येतो. मॉडेलमधील लाखो गुणकांची, म्हणजे प्रशिक्षणातून ठरलेल्या आकड्यांची, अशी तपासणी कोण करणार? शिवाय अनंत चतुर्दशीला पुण्याच्या अलका चौकात लोटणारी गर्दी वर्षातून एकदाच येते, म्हणजे मॉडेलला ती शिकायला फारशी मिळत नाही, आणि नेमकी तेव्हाच चूक परवडत नाही.

हिंजवडीकर
गर्दीचा मुद्दा रास्त आहे, निष्कर्ष पटत नाही. फाइव्ह-जीमध्ये एक स्लॉट, म्हणजे प्रक्षेपणाच्या वेळेचा एक तुकडा, अनेकदा अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो. तेवढ्यात कोणत्या फोनला किती वाटा द्यायचा हे आजही माणूस ठरवत नाही, कधीतरी लिहून ठेवलेला नियम ठरवतो. आणि वाचता येणारा नियम बरोबरच असतो असे थोडेच आहे? पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) हरवले म्हणजे कोंडी झाली, हे जुन्या टीसीपीचे, म्हणजे इंटरनेटवर माहिती पोहोचवण्याच्या नियमांचे, गृहीतक वायरलेसमध्ये फसते, कारण तिथे जाड भिंतीमुळे किंवा शेजाऱ्याच्या राउटरमुळेही पॅकेट हरवते. २०१३ मध्ये एमआयटीच्या 'रेमी' या प्रणालीने संगणकाकडूनच कोंडी-नियंत्रणाचे नियम तयार करवून घेतले आणि सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आभासी नेटवर्कवर, ते माणसाने रचलेल्या अनेक पद्धतींना सरस ठरले.

पेठकर
रेमीचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. प्रत्यक्ष नेटवर्क गृहीतकांपेक्षा वेगळे निघाले की ते नियम मागे पडत, आणि ते नेमके का चालतात हे त्यांच्या कर्त्यांनाही नीट सांगता आले नव्हते.

रात्रपाळी
माणसाच्या आज्ञेने काय होते तेही पाहा. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकचे अंतर्गत जाळे तुटले, ती अडवण्यासाठी असलेल्या तपासणी-साधनातच दोष निघाला आणि सेवा सुमारे सहा तास बंद राहिली. म्हणून मी आधी हे विचारीन, की आज्ञा कोणाचीही असो, तिला मर्यादा कोणती आणि ती किती वेळात मागे घेता येते?

पेठकर
हे मान्य. पण ती आज्ञा वाचता येत होती, म्हणूनच दुसऱ्या दिवशी कंपनीला कारण जाहीर करता आले. मॉडेलच्या प्रत्येक आज्ञेसोबत तिचे कारण नोंदवले जात नाही, तोवर माझा विरोध कायम आहे.