फातोर्ड्यात पुन्हा मोठी स्पर्धा आली तर?

फातोर्डेकरीण: आमचं घर गोव्यात, मडगावच्या फातोर्ड्यातल्या नेहरू स्टेडियमच्या मागच्या गल्लीत. २०१७ चा सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक आणि २०२२ चा मुलींचा, दोन्ही अगदी दारात झाले. मॅच असली की गल्लीच्या तोंडाला बॅरिकेड. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकलसुद्धा अडवली, उंडे (गोल पाव) आणायला मीच हमरस्त्यापर्यंत गेले. स्वतःच्या घरात शिरायला पोलिसाला आधार कार्ड दाखवायचं! सासऱ्यांना डायलिसिसहून आणताना तर जीव टांगणीला. पण इराणने जर्मनीला ४-० हरवलं, तेव्हा हेच सासरे गच्चीवर खुर्ची टाकून बसलेले. दिसत काही नव्हतं, नुसत्या आरड्यावरून गोल मोजत होते! परत अशी स्पर्धा आली तर तुम्ही काय म्हणाल?

मिरामारवाला: नकोच बाई. आमच्याकडे आयर्नमॅन ही पोहणं-सायकल-धावण्याची शर्यत असते, त्यांची ९० किलोमीटर सायकल होईस्तोवर आमची गाडी आवारातच. रविवार, आणि मासळी नाही!

बाणावलीकर: फुटबॉल नको म्हणणारा गोंयकार कसला? २०२२ च्या दोन्ही सेमीफायनल फातोर्ड्यातच झाल्या. स्पेनने जर्मनीला हरवलेलं पोरीने पाहिलं, तेव्हापासून बूट पायातून निघत नाहीत. फक्त तिला खेळायला अजून कापणी झालेलं शेतच आहे, ते मात्र खुपतं.

फातोर्डेकरीण: पोरीला शाबास! स्पर्धा येऊ दे, पण रहिवाशांच्या गाड्यांना पास आधी घरपोच हवेत. नगरसेवकाला अर्ज लिहितेय, गल्लीतलं कोण सही करणार?