मदत हवी आहे: ओढ्याच्या लाँग एक्स्पोजरमध्ये (शटर बराच वेळ उघडं ठेवून काढलेल्या फोटोत) जांभळा पट्टा, शिवाय फोटो मऊ, रेखीव नाही

ओलापाय:
मंडळी, डोकं चालेनासं झालंय, जरा बघा.

जंगलातला लहानसा ओढा. वर गर्द झाडी, समोर कमरेएवढ्या उंचीवरून पडणारी धार, खाली डोह आणि डोहाच्या कडेला शेवाळलेला कातळ. मला रेशमी पाण्याचा फोटो हवा होता, सगळ्यांकडे असतो तसला. कॅमेरा डीएसएलआर, सेन्सर एपीएस-सी या लहान आकाराचा, २४ मेगापिक्सेल. ट्रायपॉड दणकट आहे. फिल्टरशिवाय आयएसओ १०० आणि एफ/८ ला कॅमेऱ्याचा उजेडमापक १/१५ सेकंद दाखवत होता. मग सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कापणारी काळसर काच, दर स्टॉपला उजेड निम्मा) चढवला, एफ/२२ केलं, म्हणजे लेन्सचं भोक अगदी बारीक, आणि ३० सेकंद दिले.

घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं आणि हिरमुसले. फोटोच्या मधोमध जांभळट पट्टा, ओल्या बोटाने शाई फरफटल्यासारखा. गंमत म्हणजे दहापैकी चारच फोटोंत. दुसरं, कातळावरचं शेवाळ. तिथे वाकून पाहिलं तेव्हा केसाएवढी एकेक दांडी वेगळी दिसत होती, टोकावर थेंब अडकलेला. फोटोत नुसती हिरवी घोंगडी! फोकस तिथेच होता, तपासून घेतला होता. आणि पाणी म्हणाल तर रेशीम कुठलं, कापूस पिंजून टाकलाय.

फिल्टर स्वस्तातला आहे. तो बदलू का?

तिपाई:
इतक्यात खरेदीला धावू नका. आधी दोन गोष्टी सांगा. ते चार फोटो कोणत्या वेळचे? आणि शटर दाबल्यावर तुम्ही कुठे उभ्या होतात?

ओलापाय:
आता बघितलं. चारही ओळीने शेवटचे. तोवर झाडीतून ऊन पाठीमागून यायला लागलं होतं. आधी मी कॅमेऱ्याला चिकटून होते, नंतर कंटाळून दगडावर जाऊन बसले.

तिपाई:
मग चोर सापडला. व्ह्यूफाइंडर, डोळा लावायची मागची खिडकी. आधीच्या फोटोंत तुमचं डोकंच झाकणाचं काम करत होतं. तुम्ही उठलात आणि ऊन मागच्या खिडकीतून आत शिरलं. एरवी हे कळत नाही, कारण लेन्समधून येणारा उजेड त्याच्या कितीतरी पट असतो. पण तुम्ही सहा स्टॉप फिल्टरने आणि तीन स्टॉप ऍपर्चरने, म्हणजे भोक बारीक करून, कापलेत, म्हणजे पुढून येणारा उजेड ५१२ पटींनी कमी. मागून येणारा मात्र आहे तेवढाच, आणि त्याला आत यायला अख्खे ३० सेकंद.

खात्री करायची तर लेन्सला टोपी घाला, कॅमेऱ्याची पाठ उन्हाकडे करा आणि ३० सेकंदांचा फोटो काढा. काळाकुट्ट यायला हवा. जांभळं काही दिसलं तर व्ह्यूफाइंडरवर काळी चिकटपट्टी लावून पुन्हा काढा. कॅमेरा गळ्यात अडकवायच्या पट्ट्यावर व्ह्यूफाइंडरसाठी रबरी झाकण बऱ्याच कॅमेऱ्यांसोबत मिळतं, ते नेमकं हरवलेलं असतं. मिररलेसवाल्यांना (आत आरसा नाही, डोळ्यापाशी छोटा पडदा) हा ताप नाही, तिथे डोळ्यापासून सेन्सरपर्यंत वाटच नाही.

सावलीमापक:
पट्ट्याचं तिपाईंनी सांगितलंच. मऊपणाचा पहिला संशय माझा एफ/२२ वर. भोक जितकं बारीक तितका उजेड कडेने फाकतो आणि प्रत्येक बिंदूची चकती होते. हिरव्या उजेडासाठी एफ/२२ ला ती चकती साधारण ०.०३ मिमी भरते. तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल ०.००४ मिमीच्या आसपास. म्हणजे एक थेंब सात-आठ पिक्सेल रुंद पसरला, शेवाळाच्या दांड्या एकमेकींत मिसळणारच. एफ/८ ला तीच चकती ०.०११ मिमी होते. एपीएस-सीवर मी एफ/११ च्या पुढे फार नाइलाज झाला तरच जातो.

दुसरा संशय स्टॅबिलायझेशनवर, म्हणजे हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीवर; कॅमेरा स्थिर असताना ती स्वतःच फोटो हलवू शकते. ट्रायपॉडवर ते बंद होतं का?

आणि फोकस केल्यावर फिल्टर फिरवून बसवलात ना? तो घट्ट करताना फोकसची रिंगही कधी कधी सरकते. फोकस करा, लेन्स मॅन्युअलवर टाका, मग फिल्टर हलक्या हाताने लावा.

रिकामटेकडा:
एक शंका. १९३२ साली कॅलिफोर्नियात ऍन्सेल ऍडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे छायाचित्रकार मंडळींनी गट काढला त्याचं नावच एफ/६४ होतं, तेही अतिशय रेखीव फोटोंच्या हट्टापायी. मग आमच्या एफ/२२ नेच काय घोडं मारलंय?

सावलीमापक:
चांगला प्रश्न. त्यांचे कॅमेरे बघा. ८ बाय १० इंचांची फिल्म तुमच्या सेन्सरच्या दहापटीहून थोडी जास्त रुंद असते. चकती मोठी होते खरी, पण फोटो छापताना ती दहापट कमी ताणावी लागते. हिशेब केला तर त्यांचं एफ/६४ म्हणजे एपीएस-सीवरचं एफ/६. आकडा उचलायचा तर फिल्मही उचलावी लागेल, पाठीवर.

ओलापाय:
स्टॅबिलायझेशन चालूच होतं. कपाळावर हात! टोपीची चाचणी उद्या करते. पण एफ/२२ सोडलं तर ३० सेकंद कसे मिळणार? दहा स्टॉपचा फिल्टर घ्यावा लागेल ना?

धूसर:
३० सेकंद हवेत कशाला, हा माझा प्रश्न. पट्टा गेला, शेवाळ रेखीव झालं तरी कापूस कापूसच राहील. समुद्र किंवा मोठा तलाव असता तर मी मिनिटभरही दिलं असतं, तिथे लाटा विरून जाण्यातच मजा असते. ओढ्याला धागे असतात. धार कुठे दगडावर फुटते, कुठे दोन फाटे होतात, ते पाव ते एक सेकंदात दिसतं. पुढे सगळं एकमेकांवर चढतं आणि पांढरा गोळा होतो.

तुमच्याच आकड्यांवर सांगतो. एफ/८ ला १/१५, तर एफ/११ ला १/८. एनडी काढून पोलरायझर (फिरवून चमक आणि प्रतिबिंब घालवणारा फिल्टर) लावा, तो दीड-दोन स्टॉप खातो. झाले साधारण अर्धा सेकंद. फिल्टर बदलायचा प्रश्नच मिटला. वर ओल्या कातळावरची पांढरी चमक उतरते आणि शेवाळाचा खरा हिरवा रंग दिसतो, जो नंतर संगणकावर स्लायडर ओढून येत नाही.

डोहात भोवरा असेल तर मात्र एनडी परत लावा. एखादं पान किंवा फेस फिरत असेल तर चार सेकंदांत कमान उमटते, तीस सेकंदांत आख्खं वर्तुळ. तिथे लांब वेळेला अर्थ आहे.

रिकामटेकडा:
मला कापूस आवडतो. नोंद घ्यावी.

ओलापाय:
अपडेट. टोपी घालून काढलेल्या फोटोत तोच जांभळा पट्टा, त्याच जागी! चिकटपट्टीनंतर स्वच्छ काळा. फिल्टरवर उगाच आळ घेतला होता.

आज पहाटे पुन्हा गेले. स्टॅबिलायझेशन बंद, मॅन्युअल फोकस, एफ/११, पोलरायझर, अर्धा सेकंद. शेवाळाच्या दांड्या मोजता येतील. धारेत मागचा काळा दगड दिसतोय, त्यावरून पाणी केसांसारखं उतरलंय. धूसर, तुमचं म्हणणं पटलं. एनडी लावून एफ/८ ला चार सेकंदांचाही एक घेतला, भोवऱ्यात फेसाच्या तीन कमानी आल्यात.

पण एक गेलं. झाडीच्या फटीतून आभाळाचा निळा तुकडा डोहात पडतो, तो पोलरायझरने पुसून टाकला. आता डोहाचा तळ दिसतो, नुसता कुजक्या पानांचा. मला तो निळा हवाय आणि शेवाळही. दोन फोटो काढून जोडायचे का?

धूसर:
पोलरायझर शेवटपर्यंत फिरवलात ना? अर्ध्यावर थांबा. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून हळूहळू फिरवा, कातळावरची चमक उतरू लागेल आणि डोहातला निळा फिका व्हायच्या बेतात असेल, तिथे हात काढा. नाहीच जमलं तर दोन फोटो. ट्रायपॉड हलवू नका, मधे फक्त फिल्टरची रिंग फिरवायची.

तिपाई:
आणि मग चिकटपट्टी परत लावा. मी तीच विसरतो.