अवांती एवढं भारी विमान, मग खपतं किंग एअरच का?

वाराकापू: बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून टाकतोय. पियाजिओचं पी.१८० अवांती आणि बीचक्राफ्टचं किंग एअर ३५०, दोन्ही दोन इंजिनांची टर्बोप्रॉप (जेटसारख्या टर्बाइनने प्रॉपेलर फिरवणारी) बिझनेस विमानं, दोन्हीत इंजिन पीटी-६ घराण्यातलंच. किंग एअरला प्रत्येक बाजूला १०५० हॉर्सपॉवर, अवांतीला ८५०, आणि तरी अवांती ४०० नॉट्सच्या (ताशी सुमारे ७४० किमी) आसपास पळतं नि किंग एअर ३१० च्या आसपास दमतं. वर ४१,००० फुटांपर्यंत चढतं जिथे जेट फिरतात, किंग एअरची हद्द ३५,०००. केबिनची उंची पावणेदोन मीटर, बहुतेक लोक ताठ उभे राहतील.

यात जादू काही नाही. साध्या विमानाची शेपूट खालच्या दिशेने दाब देत असते, म्हणजे पंखाला विमानाचं वजनही पेलायचं आणि तो दाबही. अवांतीच्या नाकाशी छोटा पंख आहे तो वरच उचलतो, त्यामुळे शेपटीचं दाबणं कमी होतं, मुख्य पंख लहान ठेवता येतो, हवेचा अडथळा (ड्रॅग) घटतो. प्रॉपेलर पंखाच्या मागे, म्हणजे त्याने घुसळलेली हवा पंखावर येतच नाही. हे सगळं १९८६ ला उडालंय हो! आणि आजवर बनली जेमतेम अडीचशेच्या आसपास, तिकडे किंग एअरचा गोतावळा ७००० च्या वर. माझं मत सरळ आहे, गिऱ्हाईक भित्रं असतं, वेगळं काही दिसलं की मागे सरतं.

ग्रीसवाला: भित्रं नाही रे, हिशोबी. आणि ते ८५० चं गणित अर्धवट आहे. ते इंजिन मुळात बरंच जास्त ताकदीचं, ८५० वर बांधून ठेवलेलं, म्हणूनच वर विरळ हवेतही दम टिकतो. किंग एअरचंही तसंच बांधलेलंय पण कमी प्रमाणात. तेव्हा सगळं श्रेय पंखांना देऊ नकोस.

दुसरं, पुशर, म्हणजे मागून ढकलणारा प्रॉपेलर कुठे असतो बघ, चाकांच्या मागे. चाकाने उडवलेली खडी, पंखावरून सुटलेला बर्फ, सगळं पात्यांत. ऑस्ट्रेलियात फ्लाइंग डॉक्टरवाले (दुर्गम भागात विमानाने वैद्यकीय सेवा देणारे) किंग एअर मातीच्या नि खडीच्या धावपट्टीवर उतरवतात, तिथे अवांती घेऊन जायची कोणाची छाती आहे का?

वाराकापू: खडीत उतरणारा गिऱ्हाईक आणि दोन शहरांत मीटिंगा करणारा गिऱ्हाईक एकच आहेत का? तुलना तरी नीट कर. आणि पुशरचा फायदाही सांग ना, इंजिनाचा गरम धूर (एक्झॉस्ट) पात्यांवरून जातो त्या उष्णतेनेच बर्फ जमत नाही, वेगळे हीटर लागत नाहीत.

कानठळी: तोच एक्झॉस्ट तर आवाजाचं मूळ आहे!! पातं प्रत्येक फेरीत आधी पंखामागची ढवळलेली हवा कापतं मग गरम झोत कापतं, म्हणून तो कर्कश सूर येतो, विमान न बघता ओळखता येतं. आत बसलेल्याला गंमत, आवाज सगळा मागे राहतो, त्रास खाली राहणाऱ्यांना. २०१४ ला अवांतीची सुधारित आवृत्ती इव्हो आणली त्यात वाकड्या पात्यांचे नवे प्रॉपेलर दिले ते उगाच नाही.

तिरकाडोळा: "वेगळं दिसलं की लोक घाबरतात" हे मला पटत नाही. बीचक्राफ्टनेच स्टारशिप काढलं होतं, तेही पुशर, तेही १९८६ लाच उडालं, आणि ५३ विमानं बनवून बंद. ते दिसण्याने नाही पडलं, कॉम्पोझिट (धागे नि राळ मिळून केलेली) बांधणी प्रमाणित करता करता वजन वाढत गेलं आणि वेग मिळाला किंग एअरपेक्षा थोडाच जास्त. स्टारशिपला मागे शेपूटच नव्हती, नाक वरखाली करायचं काम पुढच्या पंखाकडे. अवांतीत ते काम शेपटीकडेच ठेवलं, पुढचा पंख नुसता उचलतो, त्यावर फक्त फ्लॅप (मागच्या कडेची खाली वळणारी पट्टी), आणि स्टॉल होताना, म्हणजे पंखाची उचल तुटताना, तो आधी उचल सोडतो म्हणजे नाक आपोआप खाली. बहुतांश अ‍ॅल्युमिनियम. म्हणजे इटालियन लोकांनी जास्त शहाणपणा केला, तरी खपलं नाही. का?

लांबरूळ: कारण ते वाढवता येत नाही. अवांतीचं अंग माशासारखं, कुठेही सरळ नळी नाही, मधे तुकडा घालून लांब करायचं म्हटलं तर सगळा आकारच नव्याने काढावा लागेल. किंग एअरचं बघा, ९० लांबवून १००, तीच बॉडी घेऊन २००, मग ३००, ते लांबवून ३५०. मोठा दरवाजा लावा, रुग्णवाहिका करा, सैन्याला द्या. शिवाय पियाजिओ दिवाळं निघून २०१८ ला सरकारी प्रशासकाकडे गेली, आता तुर्कस्तानच्या बायकार या ड्रोन बनवणाऱ्या कंपनीकडे आहे. अमेरिकेत अवांटेअर नावाची कंपनी याच विमानांवर चालायची ती २०१३ ला बुडाली. सुटे भाग कोण देणार या काळजीत कोण एवढे पैसे घालेल?

वाराकापू: कंपनीचं दिवाळं विमानाच्या डिझाइनवर का ढकलताय? एक सांगा, अवांतीचे दोन्ही प्रॉपेलर एकमेकांच्या उलट फिरतात, कुठलंही इंजिन गेलं तरी फरक सारखाच. किंग एअरमध्ये डावं गेलं की विमान एका बाजूला जास्त ओढलं जातं. त्यावर बोला.

ग्रीसवाला: बोलतो की. किंग एअरला रडर बूस्ट (इंजिन गेल्यावर शेपटीचं सुकाणू वळवायला मदत करणारी सोय) आहे, बंद पडलेल्या प्रॉपेलरची पाती आपोआप वाऱ्याला समांतर होतात, आणि डावं इंजिन गेल्यावर काय करायचं हे सिम्युलेटरमध्ये घोटून घेतलेले पायलट कुठेही मिळतात. तुझ्या अवांतीला पायलट शोधायला निघ, मग बोलू.