गर्डर ‘वाकतो’, ‘लवतो’ की ‘नमतो’?

तापीकाठ: जळगावातल्या डिप्लोमाच्या मुलांसाठी पूर्वताणित काँक्रीटवरचं (म्हणजे आतल्या ताणलेल्या पोलादी तारांनी दाबून धरलेलं) एक टिपण मराठीत लिहितोय. १८६० ऐवजी २४०० मेगापास्कल ताकदीच्या तारा घातल्या तर गर्डर (पुलाची तुळई) भाराखाली कसा वागतो, हा विषय. ‘नमन वर्तन’ लिहिलं तर मुलीला ते आरतीतलं वाटलं. ‘वाकणे’ सहकाऱ्याने खोडलं; म्हणे, वाकला म्हणजे बाद झाला.

गिरणामाय: सहकाऱ्याचं बरोबर आहे. घडाच्या वजनाने केळीचा खांब वाकला की परत उभा राहत नाही, म्हणून आपण टेकू देतो. फांदी लवते, सोडली की वर येते. गर्डरला तडा गेला तरी भार उतरल्यावर तो मिटतो, कारण तारांची ओढ शाबूत असते. तोवर ‘लवला’. तारांनी दम सोडला की ‘वाकला’. दोन्ही शब्द ठेवा.

धुळेकर: आणि नाम काय करणार, ‘लवण’? ते मीठ झालं! ‘नमन’च ठेवा. माझ्या मते ‘लवणे’सुद्धा ‘नम्’वरूनच आलं, निंबाचा लिंब झाला, नवनीताचं लोणी झालं, तसंच.

गिरणामाय: आमच्या शिवारात लवण म्हणजे खोलगट रान. मीठ कुणाच्या मनातही येत नाही.

साइटवरचा: वीस वर्षं पुलांवर आहे. ‘गर्डरने पोट काढलं’ एवढंच ऐकलंय. आणि स्ट्रँडला तार म्हणू नका. मधल्या तारेभोवती सहा तारा पिळलेल्या असतात, तो पेड.

तापीकाठ: पेड घेतला. पण अडचण तशीच आहे. २४०० चे पेड तेवढ्याच ओढीला कमी लागतात. तडा जाईपर्यंत फरक जवळपास दिसत नाही. नंतर पोलाद कमी असल्याने तोच गर्डर जास्त... इथे लवतो लिहू की वाकतो?

साइटवरचा: त्याआधी ‘पूर्वताणित काँक्रीट’ खोडा. ताण पोलादाला, काँक्रीटला दाब! आजोबा बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून चढवायचे. गार होताना ती लाकूड आवळायची. ‘आवळलेलं काँक्रीट’ म्हणा, पोरांना लगेच कळेल.

धुळेकर: ‘आवळलेलं’ परीक्षेच्या उत्तरात कोण लिहील? आणि पेड म्हणजे दोराचा एक भाग. सात तारा पिळून झाला तो दोर.

गिरणामाय: वेणीचा एकेक पेडही कितीतरी केसांचाच असतो ना?