आबांचं .२२ चं छोटं रिव्हॉल्वर, ठेवायचं का जमा करून टाकायचं?

साताराकंदी:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण वाचा. आमच्या आबांकडं (वय ७४, कोरेगाव तालुका) एक छोटंसं रिव्हॉल्वर आहे, लायसन त्यांच्याच नावावर, त्यात बोअर (नळीच्या भोकाचं माप) .२२ लिहिलंय. तळहातात मावतं एवढंच आहे, चापाला गार्ड नाही, चाप घडी होऊन वर चिकटतो आणि घोडा (मागनं गोळीवर पडणारा हातोडा) बाहेर दिसतच नाही. सिलेंडरवर अंडाकृती शिक्का, आत ई एल जी आणि वर मुकुट. आबांनी १९७८ ला पुण्यातनं सेकंडहँड घेतलं, शेवटची गोळी कधी उडवली ते त्यांनाच आठवत नाही. वर्षातनं एकदा खंडेनवमीला कपाटातनं निघतं, हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि मग आबा रिकाम्या रिव्हॉल्वरचा चाप पाच-सहा वेळा ओढून टकटक वाजवतात आणि नातवंडं टाळ्या पिटतात. बाकी निवडणूक लागली की पोलीस स्टेशनला जमा, निकाल लागला की परत. वडील म्हणतात कशाला पाहिजे ही कटकट, कायमचं देऊन टाका. मला मात्र आता त्याचा नाद लागलाय. हे नक्की काय आहे, उडतं का, माझ्या नावावर होईल का, आणि असली छोटी .२२ जमवायचा छंद आपल्याकडं कुणाला आहे का?

मिरज_लोकल:
भावा बेल्जियम आहे ते, अँटिक. अँटिकला लायसन लागत नाय. ते निडर नावाचं नवं देशी रिव्हॉल्वर, त्याची गोळी पण .२२ च असती, एखादी मिळव आणि टाकून बघ की

तासगावचा_द्राक्षवाला:
मिरज_लोकल, तुमच्या दोन ओळींत दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, पोरगं उगाच आत जाईल. कायद्यातली सूट फक्त अशा जुन्या हत्याराला आहे जे दुरुस्त करूनसुद्धा उडू शकत नाही. नुसतं जुनं असून भागत नाही, याचं तर लायसनच चालू आहे. आणि निडर (इशापूरच्या फॅक्टरीचं, २५० ग्रॅमचं) .२२ मॅग्नमचं आहे. ती गोळी १९५९ ची, तिचं पितळ .२२ च्या साध्या, लाँग रायफल नावाच्या गोळीपेक्षा जाड, ती या चेंबरात (सिलेंडरातलं गोळीचं भोक) जाणार नाही, आणि शंभर वर्षांच्या घासलेल्या चेंबरात गेलीच तर त्याहून वाईट.

साताराकंदी दादा, तुमच्या नावावर होण्याबद्दल. लायसनदार ७० चा झाला किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडं असलं तर तो हयात असतानाच वारसाला अर्ज करता येतो. आबांचं दोन्हीत बसतं. कलेक्टर ऑफिसला अर्ज, मग पोलिसांचा रिपोर्ट, चपला झिजतात पण होतं. तोवर एकट्यानं ते घेऊन कुठं फिरू नका, दुरुस्तीला किंवा रिन्यूअलला न्यायचं असलं तरी आबा सोबत पाहिजेत नाहीतर त्यांचं लेखी पत्र पाहिजे.

कृष्णाकाठ:
वर्णन वाचूनच ओळखलं. वेलोडॉग जातीचं आहे. फ्रान्समध्ये १८९० च्या दशकात सायकलवाल्यांच्या मागं कुत्री लागायची म्हणून असली खिशातली रिव्हॉल्वरं निघाली, वेलो म्हणजे सायकल. (आमच्या विश्रामबागेत रात्री गाडीवरनं येताना मला त्या फ्रेंच माणसांची आठवण होते.) मूळ वेलोडॉगची गोळी वेगळी, ५.७५ एमएमची आणि सेंटरफायर (घोडा बुडाच्या मधोमध पडतो ती), पण नंतर बेल्जियमवाल्यांनी तोच सांगाडा .२२ मध्येही काढला. ई एल जी हा बेल्जियममधल्या लिएज शहराच्या प्रूफ हाऊसचा (हत्यारं तपासून पास करणारं ऑफिस) शिक्का आणि वर मुकुट आहे म्हणजे १८९३ नंतरचं. बनवणाऱ्याचं नाव बहुतेक कुठंच सापडणार नाही, तिथं घराघरात कारागीर होते.

आता छंदाचं विचारलंत तर खरं सांगतो. जमवायचं म्हणाल तर आपल्याकडं माणशी दोन हत्यारं म्हणजे कळस. आधी तीन चालत होती, डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनं दोन केली आणि जादाचं द्यायला एक वर्ष दिलं. माझ्याकडं तेव्हा तीन होती, उसात डुकरं येतात म्हणून बारा बोअर, एक .३२ रिव्हॉल्वर आणि वडिलांची .२२ किट गन. किट गन म्हणजे स्मिथ अँड वेसनची छोट्या फ्रेमची, सहा गोळ्यांची, मासे धरायला जाणाऱ्यानं सामानाच्या पिशवीत टाकावी म्हणून तसं नाव. सगळे म्हणाले .२२ दे, तिनं काय मरतंय. मी .३२ दिलं. डीलरच्या काउंटरवर ठेवलं आणि मागं वळून बघितलं नाही, पण .२२ साठी मला अजून एकदाही पस्तावल्यासारखं झालं नाही.

कारण असं की .३२ च्या गोळ्यांची पेटी उघडायची म्हणजे खिशाला चटका. .२२ घेऊन रेंजवर सकाळी पन्नास राउंड निवांत मारता येतात, धक्का नाही, कानठळ्या नाहीत, आणि चुकलं तर ते हाताचंच चुकलेलं असतं, दुसऱ्या कशावर ढकलता येत नाही. राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडला २५ मीटर पिस्तूलमध्ये गोल्ड आणलं ते याच .२२ लाँग रायफल गोळीवर. शिसं फक्त २.६ ग्रॅम. एक खोड मात्र आहे, चाप नुसता ओढून मारायला गेलं तर जड लागतो. .२२ ची गोळी रिमफायर, म्हणजे तिचा पेट घेणारा मसाला गोळीच्या बुडाच्या काठात भरलेला असतो, तो पितळी काठ चेपायला घोडा जोरात पडावा लागतो म्हणून स्प्रिंग कडक. मी अंगठ्यानं घोडा मागं घेऊनच मारतो. तुमच्यात घोडा आतच आहे म्हणजे ती सोय नाही.

आणि जमवायचंच असेल तर माहिती जमवा, तिला लायसन लागत नाही. १८५७ ला स्मिथ अँड वेसनचं पहिलं मॉडेल आलं, सात गोळ्यांचं, .२२ शॉर्ट, तीच गोळी आजही बनते. सिलेंडरला आरपार भोकं पाडायचं पेटंट रोलिन व्हाइट नावाच्या माणसाचं. कंपनी त्याला नगामागं २५ सेंट द्यायची पण अट अशी की पेटंटचे कोर्टखटले त्यानंच लढायचे. मग काय, रॉयल्टी आली तशी वकिलांकडं गेली, आपल्याकडच्या बांधाच्या भांडणासारखं. १८६९ ला पेटंट संपलं आणि मग गल्लोगल्ली असली छोटी रिव्हॉल्वरं निघाली, तुमच्या आबांच्या रिव्हॉल्वरचं घराणं तिथलंच.

उडवायची घाई नको. आधी जाणत्या गनस्मिथला दाखवून सिलेंडरची लांबी मोजून घ्या. शॉर्ट गोळी साधारण १७ एमएम, लाँग रायफल २५, बुडाची जाडी सारखीच, त्यामुळं छोट्या सिलेंडरात मोठी बसते आणि टोक पुढनं बाहेर येऊन सिलेंडर फिरत नाही. आणि लांबी बरोबर निघाली तरी आजची हाय व्हेलॉसिटी (जास्त जोराची) गोळी असल्या जुन्या लोखंडाला देऊ नये.

अपशिंगेकर_फौजी:
बाकी सगळं वरच्यांनी सांगितलं, मी फक्त टकटकीबद्दल बोलतो. ती बंद करा. रिमफायर रिकामं वाजवलं की पिन (घोड्याचं टोक) गोळीच्या काठाऐवजी थेट चेंबरच्या काठावर आपटते, तिथं खाच पडते, मग गोळी नीट बसत नाही, मिसफायर होतं, गोळीचं रिकामं पितळ अडकतं. टॉर्च लावून सिलेंडरच्या मागच्या बाजूनं प्रत्येक भोकाचा काठ बघा. आणि कुंकू! ओलं हळदकुंकू लोखंडावर लावायचं नसतं हो, वर्षभर तसंच ठेवलं की खाली गंज. पाटावर फडकं घाला, त्यावर हत्यार ठेवा, फूल-कुंकू पाटाला वाहा. देवीला चालतं, आमच्याकडं तसंच करतात. संध्याकाळी तेलाचा हात फिरवून मग आत. आणि चामड्याच्या कव्हरात घालून ठेवत असाल तर काढा, चामडं ओल धरतं.

मिरज_लोकल:
बरं बाबा चुकलं माझं. निडरचं डोक्यातनं गेलं

साताराकंदी:
सगळ्यांचे आभार, विशेष करून कृष्णाकाठ काकांचे, वेलोडॉगचं वाचून दाखवल्यावर आबा पोट धरून हसले, म्हणाले म्हणजे चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी कुत्र्याचं रिव्हॉल्वर पुजतोय होय. काल त्यांनीच सिलेंडर काढून दाखवलं. लांबी पट्टीनं मोजली तर १९ एमएमच्या आसपास भरली, म्हणजे शॉर्टचंच दिसतंय. आणि फौजीकाका तुमचं बरोबर निघालं, सहापैकी चार भोकांच्या काठाला खाचा आहेत, एक तर नखाला लागते. आबा बराच वेळ टॉर्च धरून बघत बसले. वारसाच्या अर्जाला तयार आहेत, सोमवारी कलेक्टर ऑफिसला जाऊन फॉर्म बघतो. फक्त एवढंच विचारलं त्यांनी, मग यंदा खंडेनवमीला पोरांना काय वाजवून दाखवायचं.