मदत हवी आहे: सेखों यांच्या नॅट लढाऊ विमानाबद्दल

नमस्कार मंडळी. माझे काका 1971 च्या युद्धात श्रीनगरच्या हवाई तळावर फिटर होते. 14 डिसेंबरला पेशावरहून आलेल्या सहा सेबर विमानांनी धावपट्टीवर बॉम्ब टाकले. पुढे उड्डाण केलेल्या नॅटने उडवलेली धूळ खाली बसायच्या आतच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों त्या बॉम्बवर्षावात झेपावले आणि एकटे भिडले. नॅटचे अवशेष दरीत सापडले, देह मात्र मिळालाच नाही. हवाई दलातले ते एकमेव परमवीर चक्र.

काका आता पंचाहत्तरीपुढचे. धुळीचं सांगताना अजूनही डोळ्यांवर हात धरतात. त्या विमानाचा एखादा तुकडा कुठे जपून ठेवलाय का? सेखों ज्या तुकडीत होते त्या 18 स्क्वाड्रनच्या त्या दिवसाच्या नोंदी बघायला अर्ज कुणाकडे करायचा? तिथे तेव्हा असलेलं कुणी ओळखीचं असेल तर कृपया कळवा. काकांना एकदा बोलायचंय त्यांच्याशी.